चौदा जण, आठ शहरं, नऊ रात्री: स्पेनची सहल कशी आखावी?

वाचकाचं पत्र: आमचं ठाण्यात एक छोटं रसिक मंडळ आहे. महिन्यातून एकदा जमतो, गाणं ऐकतो, चित्रांवर बोलतो. पुढच्या मे महिन्यात आम्ही १४ जण स्पेनला जायचं म्हणतोय. वयं ४८ ते ७३. सात जण शाकाहारी, त्यातल्या दोघी जैन. बाकीचे सगळं खातात. एका सहल कंपनीने ९ रात्रींचा कार्यक्रम दिलाय: बार्सेलोना, व्हॅलेन्सिया, माद्रिद, तोलेदो, कॉर्दोबा, सेव्हिल, रोंदा, ग्रानादा. त्यात एक ‘फ्लेमेन्को डिनर शो’ आणि रोज रात्री भारतीय जेवण. आम्हाला चित्रं निवांत पाहायची आहेत, खरं फ्लेमेन्को, म्हणजे तिथलं गिटारसह गाणं आणि नाच, ऐकायचंय, तिथलं जेवायचंय. हा कार्यक्रम घ्यावा का? – एक वाचक, ठाणे

उत्तर:

आहे तसा घेऊ नका. तुम्हाला ज्या तीन गोष्टी हव्या आहेत, त्या तिन्हींना या आखणीत वेळच उरत नाही. मुक्काम हलवण्याचा एक दिवस कसा जातो, ते मोजून बघा. १४ जणांचा नाश्ता, सामान खाली आणणं, हॉटेल सोडणं, प्रवास, आणि नव्या हॉटेलात खोल्या मिळतात दुपारी दोन-तीनला. आठ शहरं म्हणजे जवळजवळ रोज अर्धा दिवस बॅगांमागे. संग्रहालयासाठी उरतात दुपारचे दोन तास, तेही थकल्यावर.

९ रात्रींत तीनच मुक्काम करा: माद्रिद ४, सेव्हिल ३, ग्रानादा २. तोलेदो माद्रिदहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या थोडं वर आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत या. एल ग्रेकोने १५८६ ते १५८८ मध्ये रंगवलेलं ‘काउंट ओर्गाथचं दफन’ तिथल्या सांतो तोमे चर्चमध्येच आहे. ज्या चर्चसाठी रंगवलं तिथेच ते आजही पाहायला मिळतं. कॉर्दोबा माद्रिद–सेव्हिल वेगवान रेल्वेमार्गावरच येतं. माद्रिदहून सुमारे पावणेदोन तास, पुढे सेव्हिलला पाऊण तास. सकाळच्या गाडीने कॉर्दोबाला उतरा, चार-पाच तास तिथली मशीद-कॅथेड्रल बघा, संध्याकाळच्या गाडीने सेव्हिल. सामान कुठे ठेवायचं ते मात्र आधी ठरवून ठेवा. सेव्हिल ते ग्रानादा बस किंवा रेल्वेने तीनेक तास, आणि ग्रानादाहून माद्रिदला थेट वेगवान गाडी आहे, साडेतीन तासांच्या आसपास. परतीचं विमान रात्रीचं असेल तर त्याच दिवशी हे जमतं.

बार्सेलोना गेलं म्हणून काहींना वाईट वाटेल. वास्तुकार गौदीचं साग्रादा फामिलिया चर्च पाहायचंच असेल तर ३ रात्री वाढवा आणि परतीचं विमान बार्सेलोनाहून घ्या. एका रात्रीसाठी तिकडे जाऊ नका. बार्सेलोना ज्या कातालोनिया प्रांतात आहे त्याची भाषा, जेवण, वास्तुकला सगळं वेगळं आहे आणि ते घाईत हाती लागत नाही. व्हॅलेन्सिया आणि रोंदा या खेपेला नकोत.

मे महिना चांगला निवडला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिल आणि कॉर्दोबात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा दुपारी बाहेर पडणं ज्येष्ठांना झेपत नाही. मे महिन्याची अडचण सुट्ट्यांची आहे. १ मे रोजी प्रादो आणि रेइना सोफिया ही माद्रिदची दोन्ही मोठी संग्रहालयं बंद असतात. रेइना सोफिया दर मंगळवारीही बंद. मेच्या पहिल्या पंधरवड्यात कॉर्दोबात फुलांनी सजवलेल्या घरांच्या अंगणांचा उत्सव असतो. सुंदर असतो, पण गर्दी भरपूर. सेव्हिलचा वसंतातला मोठा मेळा ईस्टरनंतर साधारण दोन आठवड्यांनी येतो. ईस्टर उशिरा असेल त्या वर्षी तो मेमध्ये सरकतो. त्या आठवड्यात सेव्हिलची हॉटेलं फार महागतात आणि मेळ्यातले बहुतेक तंबू खासगी असतात, बाहेरच्यांना आत प्रवेश नसतो. तारखा पक्क्या करण्याआधी हे सगळं कॅलेंडरवर मांडा.

आता १४ या आकड्याकडे येऊ, कारण सहलीचं बरंवाईट त्याच्यावरच ठरणार आहे. प्रवासाला, तिकिटांना, हॉटेलला १४ जण सोयीचे. पण एका चित्रासमोर १४ जण उभे राहिले की मागच्या आठ जणांना फक्त पुढच्यांची डोकी दिसतात. तापास म्हणजे छोट्या बश्यांतलं खाणं देणाऱ्या बारच्या काउंटरवर १४ जण मावतच नाहीत, आणि छोट्या फ्लेमेन्को खोलीत इतक्यांना पुढच्या रांगा मिळत नाहीत. म्हणून प्रवास एकत्र, पण पाहणं, ऐकणं आणि खाणं ५-५-४ च्या तीन गटांत. प्रत्येक गटात स्मार्टफोन सहज वापरणारी एक व्यक्ती, एक बऱ्यापैकी इंग्रजी बोलणारी व्यक्ती, आणि दोघी जैन मैत्रिणी एकाच गटात. गट नवरा-बायको किंवा मैत्रीवर पाडू नका, चालण्याच्या वेगावर पाडा. वेगाने चालणाऱ्यांना थांबावं लागतं, सावकाश चालणाऱ्यांना धावावं लागतं, आणि दोघांचाही रस तिथेच जातो.

दुसरी गोष्ट घड्याळाची. उन्हाळ्यात स्पेन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तिथे रात्रीचं जेवण नऊच्या सुमारास सुरू होतं, म्हणजे तुमच्या शरीराला साडेबारा वाजलेले असतात. दुपारचं जेवण दीड-दोन ते चार. चार ते आठ बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंदच. साडेसहाला भूक लागली म्हणून १४ जण बाहेर पडले, तर फक्त पर्यटकांसाठी उघडी ठेवलेली, महाग आणि बेचव ठिकाणं सापडतात. पहिले तीन दिवस दुपारचं जेवण मुख्य ठेवा, दोन वाजता, बसून. तीन ते पाच खोलीवर विश्रांती. संध्याकाळी बाहेर; मेमध्ये माद्रिदला नऊनंतरही उजेड असतो. रात्री हलकं काही. गाण्याचा पहिला कार्यक्रम चौथ्या-पाचव्या रात्री ठेवा. उतरल्याच्या दुसऱ्या रात्री ठेवलात तर निम्मे लोक खुर्चीत पेंगतील, आणि दोष बिचाऱ्या गायकाला जाईल.

प्रादोला सकाळी दहाला, उघडताना जा. सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ प्रवेश विनामूल्य असतो, पण रांग लांब आणि हाती जेमतेम दोन तास. गटाने तेव्हा जाऊ नये. ज्येष्ठांना तिकिटात सवलत मिळते, पासपोर्ट जवळ ठेवा. आत छायाचित्रं काढायला मनाई आहे, हे आधीच सगळ्यांना सांगा. सगळं संग्रहालय बघायचा प्रयत्न करू नका. पहिल्या खेपेला अडीच तास आणि दोनच चित्रकार: वेलास्केझ आणि गोया. दम उरला तर बॉशचं ‘ऐहिक सुखांची बाग’.

वेलास्केझचं ‘लास मेनिनास’ १६५६ चं, तीन मीटरहून उंच. आधी पाच-सहा मीटरवरून पाहा. छोटी राजकन्या मार्गारीता, तिच्या दासी, बाजूला कुंचला घेतलेला स्वतः वेलास्केझ, मागच्या आरशात राजा-राणीची अंधूक प्रतिबिंबं, आणि दारात पायऱ्यांवर थांबलेला एक माणूस. मग जितकं जवळ जाता येईल तितकं जा आणि राजकन्येच्या बाहीकडे बघा. दुरून जरीकाम वाटतं ते जवळून रंगाचे मोकळे फटकारे असतात. पुन्हा मागे या. ही ये-जा दोनदा केल्याशिवाय चित्र सोडू नका. चित्रकाराच्या छातीवरचा तांबडा क्रॉस सान्तियागो या सरदारांच्या पंथाचा आहे. तो मान त्याला १६५९ मध्ये मिळाला, म्हणजे क्रॉस चित्रात नंतर आला. गटातल्या पाच जणांना पाच वेगवेगळी माणसं वाटून द्या. प्रत्येकाने आपलं माणूस कुठे बघतंय ते शोधायचं. दहा मिनिटांत चित्राची रचना आपोआप उलगडते, गाइडच्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा चांगली.

गोया क्रमाने पाहा. आधी वरच्या मजल्यावर त्याने राजवाड्यातल्या गालिच्यांसाठी केलेली तरुणपणची, उन्हातली, सहलीची चित्रं. १७७७ ची ‘छत्री’ त्यातलीच. मग १८१४ चं ‘३ मे १८०८’, ज्यात नेपोलियनचे सैनिक माद्रिदच्या नागरिकांना गोळ्या घालताहेत. शेवटी ‘काळी चित्रं’. १८१९ ते १८२३ या काळात त्याने ती आपल्या घराच्या भिंतींवर रंगवली होती, कुणाला दाखवण्यासाठी नव्हे. त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी ती भिंतींवरून काढून कापडावर घेतली. हा क्रम उलटा झाला तर काळी चित्रं नुसती भीतिदायक वाटतात. सरळ क्रमाने गेलात तर एका माणसाचं आणि एका देशाचं काय झालं ते दिसतं.

पिकासोचं ‘गेर्निका’ रेइना सोफियामध्ये आहे. दुसऱ्या दिवशी जा, प्रादोच्याच दिवशी नको. २६ एप्रिल १९३७ ला बास्क प्रांतातल्या गेर्निका या गावावर बॉम्ब पडले आणि पिकासोने पॅरिसमध्ये काही आठवड्यांत हे चित्र पुरं केलं: साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर रुंद, फक्त काळा, पांढरा, राखाडी. स्पेनमध्ये लोकशाही आल्यावर १९८१ मध्ये ते न्यूयॉर्कहून आलं. समोरच्या गर्दीत लगेच घुसू नका. आधी चित्र घडतानाचे छायाचित्रकार डोरा मारने काढलेले फोटो आणि तयारीची रेखाटनं बघा, मग चित्रासमोर या. बैल, घोडा, दिवा यांच्या जागा कशा बदलत गेल्या हे कळलं की नजर भिरभिरत नाही.

आता फ्लेमेन्को. जेवणासकटचा शो कार्यक्रमातून काढून टाका. जेवण साधारण असतं, ताटं-वाट्यांचा आवाज होतो, आणि पाय ठोकण्याचे बारकावे त्यात हरवतात. तुम्हाला हवा आहे ‘ताब्लाओ’, म्हणजे लाकडी मंचाची छोटी खोली, एखाद्या पेयासह तिकीट, तासा-सव्वातासाचा कार्यक्रम. साधारण २५ ते ५० युरो लागतात. निवडताना तीन प्रश्न विचारा. गायक आणि गिटार प्रत्यक्ष आहेत ना? खोलीत किती खुर्च्या? मंचावर किती जण? एक-दोन गायक, एक गिटारवादक, एक-दोन नर्तक आणि शंभराच्या आत खुर्च्या, हे उत्तम. दहा-बारा नर्तक एकसारखे झगे घालून कॅस्टनेट (बोटांत धरायचे लाकडी टाळ) वाजवत येत असतील तर तो स्पॅनिश नृत्याचा देखावा आहे. तोही छान असू शकतो, पण तुम्ही जे मागताय ते हे नव्हे. मान्यवर ठिकाणं संध्याकाळी साधारण सात आणि नऊ असे दोन खेळ करतात. तुमचे दोन गट पहिल्याला आणि एक गट दुसऱ्याला पाठवा. पुढच्या रांगा मिळण्याची शक्यता वाढते. नर्तकाचे पाय दिसतील अशीच जागा मागा. खांबामागची खुर्ची असेल तर स्वस्त तिकीटही वाया.

तुमचं मंडळ गाणं ऐकणारं आहे, म्हणून थोडा ताल आधीच अंगात मुरवा. फ्लेमेन्कोत आधी ‘कांते’ म्हणजे गाणं, मग ‘तोके’ म्हणजे गिटार, आणि नंतर ‘बाइले’ म्हणजे नाच. बहुतेक प्रवाशांचं लक्ष उलट्या क्रमाने जातं. ‘सोलेआ’ हा प्रकार १२ मात्रांचा. १ ते १२ सावकाश मोजा आणि ३, ६, ८, १०, १२ वर टाळी द्या: तीन-तीन-दोन-दोन-दोन. पहिल्या मात्रेवर जोर नाही, आणि आपली गल्लत नेमकी तिथेच होते. आपल्या एकतालातही १२ मात्रा, पण आपला कान सम पहिलीवर शोधतो. इथे ओळ दहाव्या मात्रेवर येऊन विसावते. ‘बुलेरिया’ जवळजवळ हेच चक्र वेगाने, मोजणी बाराव्यापासून. ‘सिगिरिया’त तीच १२ मात्रांची साखळी आठव्यापासून सुरू होते, म्हणून विभाग पडतात दोन-दोन-तीन-तीन-दोन, फ्लेमेन्कोतलं हे सर्वांत करुण गाणं. ‘तांगोस’ चार मात्रांचा, सोपा. सुरुवात त्याच्यापासून करा. महिनाभर मासिक बैठकीत अर्धा तास नुसत्या टाळ्यांचा सराव करा. ऐकायला गायक कामारोन दे ला इस्ला आणि गिटारवादक पाको दे लुसिया यांची एकत्र केलेली ध्वनिमुद्रणं घ्या.

तिथे गेल्यावर मात्र टाळी देऊ नका. ‘पाल्मास’ म्हणजे टाळ्या हे तिथे वाद्य आहे, ते वाजवणारे मंचावर बसलेले असतात आणि श्रोत्यांच्या चुकीच्या टाळीने नर्तकाचा ताल बिघडतो. दाद द्यायची ती ‘ओले’ म्हणून, ओळ पुरी होऊन विसावली की. बैठकीत योग्य जागी ‘वाह’ निघणाऱ्यांना ती जागा सांगावी लागणार नाही. फोन पिशवीत राहू दे. बऱ्याच ठिकाणी शेवटची काही मिनिटंच चित्रीकरणाला परवानगी असते.

स्थानिक गाइड भारतीय गटांना हमखास सांगतात की फ्लेमेन्को कथकमधून आलं. हे असंच स्वीकारू नका. स्पेनमधल्या हितानो म्हणजे रोमा (जिप्सी) लोकांच्या पूर्वजांचं मूळ भारतात आहे, भाषेवरूनही ते सिद्ध झालंय. ते पंधराव्या शतकात स्पेनमध्ये पोहोचले. पण फ्लेमेन्को घडलं ते दक्षिण स्पेनमधल्या आन्दालुसियात, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, हितानो आणि तिथल्या इतर लोकांच्या हातून. पदन्यासातलं साम्य जरूर बघा, त्यातून वंशावळ काढू नका.

सेव्हिलच्या तीन रात्रींत एक ताब्लाओ पुरे. दुसरी संध्याकाळ ‘पेन्या’साठी ठेवा. फ्लेमेन्कोप्रेमींच्या या संस्था-क्लबांमध्ये तिकीट स्वस्त असतं, श्रोते जाणकार असतात, कुजबुजही खपत नाही. कार्यक्रम रोज नसतात आणि उशिरा सुरू होतात. ज्यांना झेपेल त्यांनीच जावं. दिवसा सेव्हिलच्या ललितकला संग्रहालयात मुरिय्यो आणि सुर्बारान यांची चित्रं पाहा. जुन्या मठातली ही जागा शांत असते, तिकीट नाममात्र, सोमवारी बंद.

जेवणाचं सांगायचं तर रोज रात्री भारतीय जेवण ही अट आधी काढा. दोनदा ठेवा, बाकी शहर जेवू द्या. शाकाहाऱ्यांची अडचण खरी आहे, पण ती नुसतं ‘आम्ही शाकाहारी’ म्हणून सुटत नाही. कित्येक बारमध्ये ‘कार्ने’ म्हणजे फक्त मोठ्या तुकड्यांचं मांस. हॅमचे (डुकराच्या मांसाचे) कण किंवा ट्यूना मासा त्यात धरत नाहीत. म्हणून ‘मिक्स सॅलड’वर ट्यूना येतो, मसूर-चण्याच्या रश्श्यात चोरिथो हे डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं, साल्मोरेखो या टोमॅटोच्या थंड, दाट सूपवर हॅम आणि उकडलेलं अंडं भुरभुरलेलं असतं, क्रोकेत म्हणजे तळलेले छोटे रोल बहुधा हॅमचे असतात, ऑलिव्हच्या पोटात अँचोव्ही मासा असतो. प्रत्येक शाकाहाऱ्याच्या खिशात स्पॅनिशमध्ये छापलेलं कार्ड हवं: ‘मी मांस, हॅम, चिकन, मासे, ट्यूना, मांसाचा किंवा माशांचा रस्सा खात नाही.’ अंडं चालत नसेल तर तेही लिहा. तोंडी म्हणायचं तर ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून’. अंड्यासाठी ‘सिन उएवो’.

बेधडक मागवता येतील असे पदार्थ: ‘पान कोन तोमाते’ म्हणजे भाजलेल्या पावावर टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल, टोमॅटोचं थंड सूप ‘गास्पाचो’, बदाम-लसणाचं थंड ‘आहो ब्लांको’, सेव्हिलचं पालक-चणे, कॉर्दोबाची वांग्याची तळलेली कापं, वर उसाची काकवी, मीठ भुरभुरलेल्या तळलेल्या पाद्रोन मिरच्या, ज्यातली एखादीच तिखट निघते, अंडं चालणाऱ्यांना बटाट्याची तोर्तिया. तळणाचं तेल मात्र विचारा. छोट्या बारमध्ये वांगी, क्रोकेत आणि कालामारी (समुद्री स्क्विड) एकाच कढईत तळतात. गोड खाताना पोल्वोरोन आणि मान्तेकादो या बिस्किटांत डुकराची चरबी असते, हे लक्षात ठेवा. चुर्रो बहुतेक ठिकाणी पीठ, पाणी, मीठ एवढ्याचेच. मांचेगो चीजमध्ये बहुधा प्राण्याचं रेनेट, म्हणजे दूध विरजणारा अर्क, असतं. ‘तोर्ता देल कासार’ हे एस्त्रेमादुराचं मऊ चीज मात्र काटेरी फुलाच्या अर्काने विरजतात. ज्यांना रेनेट चालत नाही त्यांनी तेच शोधावं.

पाएया हा भाताचा पदार्थ दुपारी खातात, रात्री नाही. चांगल्या ठिकाणी ती मागणीनंतर करतात, किमान दोघांसाठी, आणि अर्धा तास थांबवतात. पाच मिनिटांत आली तर ती आधीच करून ठेवलेली. व्हॅलेन्सियाच्या मूळ पाएयात चिकन आणि ससा असतो, मासळी नव्हे. भाज्यांची पाएया मागताना पाणी कशाचं ते विचारा: ‘काल्दो दे वेर्दुरास?’ अनेकदा भाज्या वरून येतात आणि भात शिजतो तो माशांच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात.

जैन मैत्रिणींना स्पष्ट सांगतो: कांदा-लसूण टाळून बारमध्ये रोज जेवण जमणार नाही. गास्पाचोत लसूण, तोर्तियात बहुधा कांदा, पालक-चण्यात लसूण. त्यांच्या गटासाठी माद्रिद आणि सेव्हिलमध्ये स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या, हॉटेलच्या जवळच. बाजारातून भाज्या, तांदूळ, दही आणून एक वेळ घरी, आणि दुसऱ्या वेळी (वांगी चालत असतील तर) वांगी-काकवी, मिरच्या, ऑलिव्ह, फळं, चुर्रो. भारतातून तूप, खवा, पेढे, पनीर, दूध पावडर नेऊ नका. युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरचे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. हापूसची पेटीही नाही: आंब्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, सूट आहे ती केळी, अननस, नारळ, खजूर अशा मोजक्या फळांना. पोहे, मेतकूट, खाकरा आणि कोरड्या चटण्या न्या.

तापाससाठी पाच जणांच्या गटाने पहिल्या फेरीत दोन ‘रासियोन’ आणि दोन-तीन ‘तापा’ मागवावेत, त्याहून जास्त नाही. तापा म्हणजे दोन-तीन घास, ‘मेदिया रासियोन’ अर्धी बशी, रासियोन पूर्ण बशी. एकदम दहा बश्या मागवल्या की सगळं एकाच वेळी येतं आणि थंड होतं. एका बारमध्ये दोन पदार्थ खाऊन पुढच्याकडे जा. पैशांसाठी तिथले लोकही करतात तेच करा: सुरुवातीलाच प्रत्येकाकडून ३० युरो एका पाकिटात, आणि बिल त्यातूनच. नाहीतर प्रत्येक बारमध्ये पाच कार्डं पुढे येतात आणि वेटर वैतागतो. आठवड्याच्या दिवशी दुपारी ‘मेनू देल दिया’ घ्या: दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी, साधारण १३ ते १८ युरो. नळाचं पाणी फुकट देणं उपाहारगृहांना २०२२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ‘आग्वा देल ग्रीफो’ मागा. ग्रानादात पेयाबरोबर तापा फुकट येतो, पण काय द्यायचं ते स्वयंपाकघर ठरवतं. म्हणून शाकाहारी असल्याचं पेय सांगतानाच सांगा, बशी समोर आल्यावर नाही.

ग्रानादाची सगळी भिस्त आल्हम्ब्रा या टेकडीवरच्या जुन्या किल्ला-राजवाड्याच्या तिकिटांवर. तिकिटं नावानिशी आणि पासपोर्ट क्रमांकासह निघतात, रोजची संख्या ठरलेली असते आणि मेमधली फार आधी संपतात. नाव पासपोर्टवर आहे तस्संच हवं; आडनाव आणि नाव उलटसुलट झालं तर दारात वाद होतो. मूळ पासपोर्ट बरोबर न्या, आत पुन्हा पुन्हा तपासतात. आतल्या नास्रिद राजवाड्यांसाठी, म्हणजे तिथल्या मुस्लिम सुलतानांच्या महालांसाठी, ठरलेली वेळ असते, ती चुकली तर प्रवेश मिळत नाही. मुख्य प्रवेशद्वारापासून तिथवर चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि ज्येष्ठांना जास्त, तेव्हा पाऊण तास आधी पोहोचा. ई-तिकीट हातात असेल तर शहरातून छोट्या बसने वर येऊन न्यायद्वाराने आत शिरा. राजवाडे तिथून जवळ पडतात. एकूण साडेतीन तास, चढउतार आणि गोटे बसवलेली वाट. पकड असलेले बूट घाला.

जाण्याआधी एका बैठकीत साल्मोरेखो करून बघा. चार-पाच जणांना: पिकलेले टोमॅटो १ किलो, शिळा पाव २०० ग्रॅम, एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल १०० ग्रॅम, लसणाची १ पाकळी, मीठ १० ग्रॅम. टोमॅटो वाटून गाळा, पाव त्यात दहा मिनिटं भिजवा, लसूण-मीठ घालून पुन्हा वाटा, आणि शेवटी तेल बारीक धारेने. तेल एकदम ओतलं तर वर तरंगतं. आपला नेहमीचा पाव गोडसर असतो. बिनसाखरेचा, घट्ट पाव घ्या. आपले टोमॅटो आंबट असतील तर व्हिनेगर मुळीच घालू नका. दोन तास फ्रिजमध्ये ठेवून खा.

व्हिसा प्रवासाआधी ६ महिन्यांपासून मागता येतो. मेसाठी डिसेंबर-जानेवारीतच अर्जाची वेळ घ्या, कारण मार्चपासून गर्दी होते. गटाचा असला तरी प्रत्येकाचा अर्ज वेगळा, आणि ३० हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण असलेला विमा सगळ्यांना लागतो. व्हिसा हाती येताच त्याच दिवशी आल्हम्ब्राची तिकिटं काढा.

कंपनी पूर्ण सोडायची गरज नाही. विमान, हॉटेलं, रेल्वे आणि व्हिसाची कागदपत्रं त्यांच्याकडे द्या; १४ जणांचं ते काम त्यांना स्वस्तात जमतं. प्रादो, रेइना सोफिया आणि आल्हम्ब्रासाठी स्थानिक अधिकृत गाइड आणि प्रत्येकाला कानात ऐकू येणारा रेडिओगाइड मागा, नाहीतर मागच्या चौघांना काही ऐकू येत नाही. आणि पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: मुक्कामाची शहरं तीनच, हॉटेल जुन्या शहरात, ताब्लाओ आणि बारपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत, पहिल्या तीन रात्री कोणताही कार्यक्रम नाही, आणि नास्रिद राजवाड्यांची वेळ सकाळी दहाच्या आधीची. शेवटची अट त्यांना पाळता येत नसेल, तर आल्हम्ब्राची तिकिटं तुम्ही स्वतः काढा आणि ग्रानादाची तारीख त्यावरून ठरवा.